आजीच्या आठवणी हाही दस्तऐवज आहे

कोर्टात उभे राहिले की पहिला प्रश्न येतो, "कागद आहे का?" जमीन तुमची आहे तर कागद दाखवा. जात तुमची आहे तर कागद दाखवा. बाप तुमचा आहे, तरीही कागद दाखवा. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच समाजाकडे स्वतंत्र भारतात प्रत्येक हक्कासाठी लेखी पुरावा मागितला जातो. ही विसंगती वकिलीच्या व्यवसायात मी रोज पाहते. म्हणूनच आज एका घरगुती वाटणाऱ्या विषयावर लिहायचे ठरवले आहे. विषय आहे आपल्या घरातल्या आठवणींचा. आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या आणि आपल्या स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींचा. त्या सांगा, ऐका आणि लिहून ठेवा, एवढेच माझे म्हणणे आहे. हे काम फावल्या वेळचे नाही. ते चळवळीचे काम आहे.

आपल्या पूर्वजांविषयी सरकारी दप्तरात काय सापडते, ते आधी पाहू. गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद सापडते. तिथे बापाचे नाव असते, पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' असते आणि जात असते. बाळाचे नाव बहुतेक वेळा नसतेच. गावात कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी देण्याचे काम अनेक गावांत महाराकडेच होते. वर्दी त्याने द्यायची, लिहायचे दुसऱ्याने, आणि काय लिहिले ते त्याला वाचता यायचे नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, कारण आईने "मोठ्या पाण्याच्या साली झाला" एवढेच सांगितलेले असते आणि गुरुजींनी सोयीने शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकलेली असते. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली इतकी माणसे कशी, याचे उत्तर ज्योतिषात नाही, निरक्षरतेत आहे. वतनाच्या कागदात आपला माणूस सेवा करणारा म्हणून दिसतो. पोलिसांच्या दप्तरात तो फिर्यादी म्हणून दिसतो किंवा आरोपी म्हणून. एवढ्या कागदांतून माणूस उभा राहतो का? त्याने काय खाल्ले, तो कशाला घाबरला, कशावर हसला, पोराला शाळेत घालण्यासाठी त्याने कोणाशी भांडण घेतले, हे कोणत्या नमुन्यात लिहिले आहे? ते फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

आणि ही माणसे आता झपाट्याने जात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बापाच्या खांद्यावर बसून आलेला मूल आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला आज ऐंशीच्या आसपास आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांत तुरुंगात गेलेले तर बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले. १९७२च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, सुकडी खाऊन दिवस काढलेल्या बाया आज आजी-पणजी आहेत. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली. त्या घरांतून अंगावरच्या कपड्यांनिशी रानात पळालेली पोरे आज पन्नाशी-साठीत आहेत. यांच्यापैकी किती जणांची हकिकत कोणी लिहून घेतली? माणूस जातो, आपण जलदान विधी करतो, त्रिशरण पंचशील घेतो, चार भाषणे होतात, जेवण होते आणि आपण घरी जातो. त्या माणसाबरोबर सत्तर वर्षांची वस्ती आपण पोचवून आलो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. १८५५ साली जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने आपल्या लोकांचे दुःख निबंधात मांडले आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने पुराण सांगितले नाही. आपल्या लोकांवर काय गुदरते ते सांगितले आणि धर्ममार्तंडांना प्रश्न विचारला. स्वतः बाबासाहेबांनी १९३५च्या सुमारास 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन लिहून ठेवले. त्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे ते शासनाच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात आले.

त्यातील पहिली हकिकत बाबासाहेबांच्या लहानपणाची आहे. साल १९०१. साताऱ्याहून गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे ही मुले निघतात. नवे कपडे घातलेले असतात. मसूर स्टेशनवर उतरतात, पण वडील घ्यायला आलेले नसतात. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो, आणि मुले महाराची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेतो, तरी अस्पृश्यांच्या पोरांबरोबर गाडीत बसत नाही. गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ जेवण आहे, पण प्यायला पाणी मिळत नाही. बाबासाहेबांनी हे लिहिताना ऊर बडवलेला नाही. गाव कोणते, स्टेशन कोणते, वर्ष कोणते, कोण काय म्हणाला, हे एखाद्या साक्षीदाराने शपथेवर सांगावे तसे सांगितले आहे. जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या, अर्थशास्त्रावर आणि जातिसंस्थेवर ग्रंथ लिहिलेल्या माणसाला परक्या देशातील वाचकाला अस्पृश्यता समजावून सांगायची होती. तेव्हा त्यांनी आकडे दिले नाहीत, आपले आणि आपल्या माणसांचे अनुभव दिले. मग आपल्या अनुभवांना आपणच क्षुल्लक का समजावे?

पुढे १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आले आणि मराठी साहित्याला आपल्या वस्तीची दखल घ्यावी लागली. पण मला अधिक मोलाच्या वाटतात त्या आपल्या बायांच्या वह्या. बेबीताई कांबळे फलटणला लहानसे दुकान चालवत. गिऱ्हाईक नसेल त्या वेळात त्या लिहीत आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वही लपवून ठेवत. अशी कितीतरी वर्षे गेली. मॅक्सिन बर्नसन या फलटणमध्ये काम करणाऱ्या विदुषींनी आग्रह धरला म्हणून ते लिखाण बाहेर आले आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. शाळेत शिक्षिका असलेल्या शांताबाई कांबळे यांनी निवृत्तीनंतर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव, घरोघर फिरल्या, आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना भेटल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांची नावेही आपल्याला कळली नसती. सभेला गर्दी कोणी केली, सत्याग्रहींच्या भाकरी कोणी भाजल्या, पोरे पाठीशी बांधून मोर्चात कोण चालले, हे नेत्यांच्या चरित्रात येत नाही.

आता कायद्याचे बोलू. अनेकांचा समज असतो की तोंडी सांगितलेल्या, वहीत लिहिलेल्या घरच्या गोष्टींना कायद्यात काडीचीही किंमत नाही. हा समज पूर्णपणे बरोबर नाही. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये मृत व्यक्तीच्या काही विधानांना पुराव्यात स्थान दिले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली आणि ही तरतूद आता त्याच्या कलम २६ मध्ये आहे. नात्याची खास माहिती असलेल्या माणसाने रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याविषयी काही सांगितले असेल, किंवा कुटुंबाच्या वंशावळीत, घरच्या व्यवहाराच्या दस्तात तशी नोंद असेल, आणि तो माणूस आज हयात नसेल, तर ते विधान संबद्ध ठरू शकते. मात्र एक अट महत्त्वाची आहे. ते विधान वाद निर्माण होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. भांडण कोर्टात गेल्यावर बसून लिहिलेल्या वंशावळीकडे न्यायाधीश संशयाने पाहणारच. म्हणजे वही आज लिहायची, वाद नसताना लिहायची. अर्थात, वही दाखवली की दावा जिंकला असे होत नाही. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली हे सिद्ध करावे लागते आणि तिला किती वजन द्यायचे हे न्यायालय ठरवते. पण काहीच नसण्यापेक्षा ती असणे केव्हाही चांगले.

त्याहूनही मोठा उपयोग वेगळाच आहे. आठवण आपल्याला कागदापर्यंत नेते. महाराष्ट्रात जात पडताळणीचा कायदा २००१ पासून अमलात आहे. जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. आता सांगा, १९५० पूर्वी आपल्यापैकी किती घरांतला माणूस शाळेत गेला होता? माझ्याकडे एका मुलीचे प्रकरण आले होते. आजोबांचा कोणताच जुना कागद मिळत नव्हता. गावच्या शाळेत नाव नव्हते, कोतवाल बुक जीर्ण झाले होते. प्रवेशाची मुदत जवळ आली होती. घरी बसून आजीशी बोलताना ती सहज म्हणाली, "त्यो त्याच्या मामाच्या गावाला दोन वरसं साळंत बसला व्हता, पर दाराभाईर." आणि तिने आजोबांचे धर्मांतरापूर्वीचे नाव सांगितले. ते नाव घरातल्या कोणालाच माहीत नव्हते. मामाच्या गावच्या शाळेचे जुने रजिस्टर निघाले, त्याच नावाने नोंद निघाली आणि तारीख १९५० पूर्वीची होती. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, हे दाखवायला आणखी कागद जोडावे लागले, पण वाट सापडली ती आजीच्या एका वाक्याने. ती आजी वर्षभर आधी गेली असती तर?

धर्मांतरानंतर आपण नावे बदलली, काहींनी आडनावे बदलली. दगडू, धोंडू, कचरू अशी लादलेली नावे टाकून दिली आणि आनंद, राहुल, सुजाता, गौतमी अशी नावे घेतली. हे आपल्या मुक्तीचे लक्षण आहे आणि त्याचा अभिमानच आहे. पण जुने नाव टाकताना त्याची नोंद घरात राहिली पाहिजे, नाहीतर नातवंडाला आजोबा सापडत नाहीत. वतनाच्या जमिनीचेही तसेच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने पुढे १९५८च्या कायद्याने संपली. पण हाडोळ्याची, हाडकीची जमीन कोणत्या ओढ्याच्या कडेला होती, ती कोणाकडे गहाण पडली, कोणत्या दुष्काळात पायलीभर धान्याला गेली, हे ज्या म्हाताऱ्याला माहीत आहे त्याला आपण कधी विचारतच नाही. तो गेल्यावर मात्र तलाठ्याच्या खेटा घालतो.

या विषयावर बोलले की आपल्यातलेच काही सुशिक्षित बांधव नाक मुरडतात. "कशाला तो उकिरडा उकरायचा? मुलांना पुढे जाऊ द्या. मेलेली ढोरे आणि शिळे तुकडे आठवून काय मिळणार?" 'बलुतं' आले तेव्हाही हीच कुरकुर झाली होती. मी या बांधवांची वेदना समजू शकते. मुलाला शाळेत कोणी आडनाव विचारले तर बापाच्या पोटात आजही गोळा येतो. पण आपण सांगितले नाही म्हणून मुलाला कळायचे थांबत नाही. त्याला ते वसतिगृहात कळते, टोमण्यातून कळते, आरक्षणावरच्या विनोदातून कळते. शत्रूच्या तोंडून कळले की त्याला लाज वाटते. आजीच्या तोंडून कळले तर त्याला कळते की लाज वाटायची ती पाणी नाकारणाऱ्याला, तहानलेल्याला नव्हे. कोणाच्या तोंडून कळावे, हे आपण ठरवायचे आहे.

दुसरी गोष्ट, आठवणी म्हणजे फक्त अपमानाची यादी नव्हे. वस्तीत जलसा आला तेव्हा रात्रभर जागलेली माणसे, मुंबईहून काकाने आणलेली पहिली पाटी-पेन्सिल, आषाढात आईने केलेल्या कापण्या, चांदण्यात खेळलेले खेळ, विहाराच्या बांधकामाला प्रत्येक घराने दिलेल्या विटा, हेही आपले जगणे आहे. जात्यावर दळताना आपल्या बायांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या ओव्याही आहेत. जिला सही करता येत नव्हती तिने राज्यघटना लिहिणाऱ्यावर काव्य केले, यापेक्षा मोठा वारसा कोणता? आणि खरे सांगायचे तर घरातले कडूही लिहिले पाहिजे. बापाची दारू, आईला झालेली मारहाण, मुलाला शाळा आणि मुलीला घरकाम हा भेद. बेबीताईंनी आपल्या समाजातल्या पुरुषांनाही सोडले नाही. सत्य सांगायचे तर आपले घर त्यातून वगळता येणार नाही.

आता काम कसे करायचे ते सांगते. "तुमचे जीवनचरित्र सांगा" असे म्हणून कोणापुढे बसू नका, म्हातारे माणूस बुजते. साधे प्रश्न विचारा. पाणी कुठून आणायचात? शाळेत कुठे बसायचात? घरात पहिला मुंबईला कोण गेला, आणि गिरणीत, गोदीत की रेल्वेत लागला? धर्मांतराच्या वेळी घरातल्या देवांचे काय केले? पहिले पातळ, पहिली चप्पल केव्हा घेतली? एका बैठकीत अर्धा तास पुरे. बोलणे जसेच्या तसे, तिच्या बोलीत लिहा. "व्हतं"चे "होते" करू नका. लिहिल्यावर सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, तालुका, ऐकल्याची तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव टाका, खाली सही किंवा अंगठा घ्या. घराण्याच्या पाच पिढ्यांची नावे, जुन्या-नव्या नावांसह, मुलींच्या आणि सुनांच्या माहेरासह लिहा. आपल्या वंशावळीतून बाया गाळण्याची मनूची सवय आपण तरी मोडू या. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावे लिहा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, पण ते दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण मोबाइल हरवतो. साल चुकेल, एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर जाईल. म्हणून दुसऱ्या नातेवाइकालाही विचारा आणि दोघांचे वेगळे म्हणणे असेल तर दोन्ही लिहा. जिवंत माणसाला त्रास होईल अशी गोष्ट असेल तर लिहा, पण त्याला विचारल्याशिवाय छापू नका.

चाळिशीतल्या माझ्या पिढीनेही थांबू नये. आम्ही १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार शाळेच्या वयात पाहिला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा जण मारले गेले, तेव्हा आम्ही दहावी-बारावीच्या आगेमागे होतो. त्या दिवशी आपल्या घरात काय बोलले गेले, आई का रडली, वडील रात्री कुठे गेले, हे आज आठवते. वीस वर्षांनी आठवेलच असे नाही.

आणि हे काम एकट्याच्या कपाटात राहू नये. वर्षावासात आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या एका ज्येष्ठाला द्या. त्याने सांगावे, शाळकरी मुलांनी लिहून घ्यावे. विहाराच्या कपाटात ग्रंथांशेजारी या वह्यांचा एक कप्पा करा. जलदान विधीला पाच पुढाऱ्यांची भाषणे ठेवण्यापेक्षा गेलेल्या माणसाच्या वहीतली दोन पाने त्याच्या नातीकडून वाचून घ्या. याला देणगी लागत नाही, मंडप लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. चाळीस पानी वही, एक पेन आणि ऐकून घेण्याची तयारी एवढेच लागते.

इतरांनी आपला इतिहास लिहिला नाही, ही तक्रार आपण पुष्कळ केली आणि ती रास्त आहे. पण आज आपल्या घरात लिहिता येणारी तिसरी-चौथी पिढी आहे. आता आजी न लिहिताच गेली तर दोष कोणत्या पेशवाईला देणार? या रविवारी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा. जयभीम!